पलंगाच्या हँडलचे दहा फेरे

१४ मार्च, मंगळवार. सकाळी ६.१० ला उठले. गॅसचा सिलिंडर बदलला. यांची रात्र बरी गेली. मावशी ८ ला आल्या. अंग पुसलं, पाठीला पावडर, चादर बदलली. मावशी ११.४० ला गेल्या. यांचं जेवण १२.३० ला : सूप, कुस्करलेला बटाटा. जेवताना ठसका. मावशी ५.१५ ला परत. संध्याकाळी ताप १००.४. डॉक्टरांना फोन. ऊन कडक, चादरी दोन तासांत वाळल्या.

या नोंदीत एकही शब्द खोटा नाही. तरीही एका बाईची पाच वर्षांची मेहनत या नोंदीने पाण्यात घालवली. म्हणून त्या बाईबद्दल लिहायला बसले आहे.

आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. वयाने त्या माझ्या निम्म्या होत्या. हा शब्द त्यांना इस्पितळाने चिकटवला होता. वॉर्डात जी बाई बेडपॅन नेते, रोग्याला कुशीवर वळवते, ओकारी पुसते, ती मावशी. जी इंजेक्शन देते आणि रोग्याच्या कागदावर लिहिते, ती सिस्टर. दोघी एकाच माणसाच्या उशापायथ्याशी दिवसभर उभ्या असतात, पण एकीपासून दुसरीपर्यंत जायला पदवी लागते.

मावशींना सिस्टर व्हायचं होतं. का, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, यांचे मोजे धुताना. वॉर्डात असताना एका म्हाताऱ्या बाईचे ओठ निळसर दिसले म्हणून त्या धावत सिस्टरच्या टेबलापाशी गेल्या. "मावशी, तुम्ही आधी ती बादली उचला," असं उत्तर मिळालं. तासाभराने ती बाई गेली.

"मला दिसलं होतं, काकू," त्या म्हणाल्या. "पण मला दिसलेलं कुठल्या कागदावर लिहिता येत नव्हतं."

नर्सिंगच्या पदवीला अर्ज करायचा तर आधी पाच विषय पास व्हावे लागतात : जीवशास्त्र, शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र, रसायनशास्त्र. शास्त्रांना प्रयोगशाळेसकट. वर एक हजार तास रुग्णसेवा केल्याचा दाखला. आणि सगळ्यात जाचक अट अशी, की पास झालेला विषय पाचच वर्षं धरतात. म्हणजे पाचवा विषय होईपर्यंत पहिला शिळा होण्याची भीती. मावशी दिवसा काम करायच्या, संध्याकाळी सरकारी कॉलेजात बसायच्या, दर सत्राला एक विषय, मुलगी आजारी पडली की तोही नाही. जीवशास्त्र त्यांनी पहिल्याच फटक्यात काढलं. रसायनशास्त्रात एकदा नापास झाल्या. त्या मार्चमध्ये दुसऱ्यांदा बसल्या, तेव्हा जीवशास्त्राची मुदत संपायला साडेतीन महिने उरले होते. यंदा प्रवेश मिळाला तर मिळाला, नाहीतर जीवशास्त्र पुन्हा.

यांना पक्षाघात झाल्यावर घरी सेवा देणाऱ्या एका संस्थेने मावशींना आमच्याकडे पाठवलं. अकरा महिने त्या आमच्याकडे होत्या. यांची उजवी बाजू गेली होती, गिळणं अर्धवट राहिलं होतं, विनोद मात्र शाबूत होते. पहिल्याच दिवशी यांनी त्यांना "सिस्टर" म्हणून हाक मारली.

"अजून नाही हो काका. त्याला सही-शिक्का लागतो."

"सही मी देतो. डाव्या हाताची चालेल?"

शरीररचनेची परीक्षा होती तेव्हा मावशींनी सगळी हाडं यांच्या अंगावर पाठ केली. अंग पुसता पुसता नडगीवर बोट ठेवायच्या, नाव म्हणायच्या, मी पुस्तकात बघून होकार द्यायची. "घ्या, सगळी हाडं घ्या," हे म्हणायचे, "पण मोजून परत ठेवा." लांबलचक शास्त्रीय नावं मी तुकडे पाडून म्हणून दाखवायची. शाळेत मला ते छान शिकवलं होतं. मावशी इस्त्री करत मागून म्हणायच्या.

त्यांच्या घरी नवरा नव्हता. तो कुठे होता हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सासू होती, आणि नववीतली मुलगी. सासूबाई एकदा किल्ली द्यायला आमच्या दारात आल्या, तेव्हा मावशी टेबलाशी बसून गणितं सोडवत होत्या. "घोडी झाली तरी शाळेचं वेड जाईना," त्या मला म्हणाल्या. "पोरगी हिला शिकवते. आमच्या घरात उलटी गंगा." मावशींनी मान वर केली नाही. "आई, सरासरी काढतेय. तुमच्या टोमण्यांची. दिवसाला नऊ पडतात." सासूबाईंनाही हसू आलं, पण ते त्यांनी पदराआड लपवलं.

आता पलंगाचं सांगते. पायथ्याशी हँडल असलेला लोखंडी पलंग आम्ही आणला होता. हँडल फिरवलं की डोक्याची बाजू वर येते. मावशींनी पहिल्या आठवड्यात नियम घातला : जेवायच्या आधी दहा फेरे. एक कमी नाही. हनुवटी छातीकडे, अर्धा चमचा, गिळलं की नाही ते कंठाकडे बघून खात्री, मग पुढचा चमचा. जेवणानंतर अर्धा तास पलंग खाली करायचा नाही. "आडव्या माणसाला घास देऊ नका, काकू. अन्न पोटात न जाता छातीत जातं." हँडल फिरवताना त्या मोठ्याने मोजायच्या. हे डावा हात वर करून कवायतीसारखं त्यांच्याबरोबर मोजायचे. दहा झाले की म्हणायचे, "विश्राम."

रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक म्हणजे काचेच्या लांब नळीतून थेंब थेंब द्रव सोडायचा आणि रंग बदलला की त्या क्षणी थांबायचं. एक थेंब जास्त पडला की सगळं वाया. पहिल्या वेळी मावशींच्या हातून तो थेंब पडला होता. म्हणून आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्या औषधाच्या पिचकारीने पाण्याचे थेंब पाडत बसायच्या. मी आकडा सांगायची, तेवढ्याच थेंबांवर त्या थांबायच्या. शेवटी शेवटी हात असा बसला की मी मध्येच "बस" म्हटलं तर टोकाला लटकलेला थेंबसुद्धा खाली पडायचा नाही.

चौदा मार्चला ही परीक्षा होती, दीड वाजता. अकराला त्या यांना भरवणार होत्या, पण यांना झोप लागली होती. साडेअकरा झाले तरी त्या पलंगापाशी उभ्याच.

"मावशी, तुम्ही निघा. दोन बस बदलायच्या आहेत."

"काकांचं जेवण व्हायचंय. झोप झाली की..."

"मी भरवते. अकरा महिने बघते आहे मी."

"दहा फेरे, काकू. हँडल जड आहे."

"निघा म्हणते ना! परीक्षा माझी आहे का तुमची?"

त्या हसल्या आणि निघाल्या. अकरा चाळीस.

साडेबाराला हे जागे झाले आणि भूक लागली म्हणाले. हँडल खरंच जड होतं, माझं मनगट दुखत होतं. मी चार फेरे दिले आणि थांबले. वाटलं, पुरे एवढं, सूप तर आहे. चौथ्या-पाचव्या चमच्याला ठसका लागला. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं. पाठ चोळली, शांत झाले, तेव्हा उरलेलं सूप आणि बटाटाही मी भरवला.

सव्वापाचला मावशी आल्या. रंग बरोबर थेंबाला बदलला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. आत गेल्या, यांच्या छातीला कान लावला. मग पायथ्याशी जाऊन हँडल फिरवू लागल्या. त्या दिवशी त्या मोठ्याने मोजत नव्हत्या. हेही मोजत नव्हते.

सहाव्या दिवशी हे गेले. छातीत पाणी, डॉक्टर म्हणाले.

मुलगा आला. तो दूर असतो, अकरा महिन्यांत दोनदा आला होता. ज्याने एकदाही चमचा धरला नाही त्याचा राग सगळ्यात मोठा असतो. माझी डायरी नेहमीप्रमाणे जेवणाच्या टेबलावर होती. मी चहा ठेवायला आत गेले तेवढ्यात त्याने ते पान वाचलं. "आई, त्या दिवशी ती बाई बाबांना टाकून गेली?" त्याने दारातून विचारलं. मी म्हटलं, "परीक्षा होती तिची." त्याने पानाचा फोटो काढला आहे हे मला ठाऊक नव्हतं. संस्थेकडे लेखी तक्रार गेली : बाई नेमलेल्या वेळेआधी निघून गेली, रुग्णाला त्यानंतर ठसका लागला, पुरावा सोबत.

संस्थेच्या मॅनेजर बाईंचा मला फोन आला. "काकू, एवढंच विचारायचं होतं. त्या दिवशी मावशी अकरा चाळीसला गेल्या, हे खरं आहे का?"

"हो."

"बरं. धन्यवाद."

विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, हीही शाळेची शिकवण. त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला असता तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. फोन ठेवल्यावर पुन्हा उचलायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण मुलगा पुढच्या खोलीत वडिलांचा फोटो पुसत बसला होता.

मावशी रसायनशास्त्रात पास झाल्या, एकाहत्तर गुण. अर्ज भरला. एप्रिलच्या शेवटी संस्थेचा दाखला हातात पडला : सेवेचे तास दोन हजार दोनशे चाळीस, वर्तन चांगलं, आणि खाली एक ओळ, "रुग्णाच्या कुटुंबाकडून एक तक्रार, गंभीर स्वरूपाची." तेव्हा त्यांना कळलं.

त्याच दिवशी त्या माझ्याकडे आल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"काकू, माझ्यावर राग आहे का तुमचा?"

"नाही हो, मावशी."

"मग एक पत्र द्या. जास्त काही नको. तुम्ही मला जायला सांगितलं होतं, एवढंच लिहा."

मी पत्र लिहिलं. दीड पान. अक्षर माझं चांगलं आहे. मावशी प्रामाणिक, कष्टाळू, स्वच्छ, वेळेच्या पक्क्या. यांच्याशी मुलीसारख्या वागल्या. रुग्णसेवेची त्यांना उपजत जाण. जे वाक्य त्यांनी मागितलं होतं ते सोडून सगळं. ते लिहिलं की पुढचं आलंच असतं, मग भरवलं कोणी. मी पाकीट बंद करून दिलं. दुसऱ्याचं पाकीट उघडणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

मे महिन्यात नर्सिंग कॉलेजात मुलाखत झाली. काय झालं ते त्यांनी नंतर सांगितलं. तीन जण होते. मधल्या बाईंनी पत्र वाचून बाजूला ठेवलं. "पत्र सुंदर आहे. पण तक्रारीबद्दल त्यात अवाक्षर नाही. तुम्ही वेळेआधी गेलात का?"

"गेले. परवानगी घेऊन."

"कोणाची? या पत्रात तसं नाही."

मावशींनी माझं नाव घेतलं नाही. एकतीस मे रोजी नकार आला.

पाच दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. अकरा महिन्यांत एकदाही गेले नव्हते. दोन खोल्या, दुसऱ्या मजल्यावर. भिंतीवर शरीराच्या सांगाड्याचं चित्र, त्याच्या कवटीला मुलीने मिशा काढलेल्या. सासूबाईंनी दार उघडलं आणि "ये" किंवा "या" काहीच न म्हणता आत गेल्या. मी दुसरं पत्र लिहून नेलं होतं. संस्थेला, कॉलेजला आणि मुलाला, तिघांना एकच मजकूर. त्यात सगळं होतं : मीच मावशींना जायला सांगितलं, जेवण मीच भरवलं, दहा फेऱ्यांचा नियम मला माहीत असूनही मी चारच दिले.

मावशींनी पत्र उभ्यानेच वाचलं. हळू वाचलं, एकेका शब्दाखाली बोट धरून, हाडांची नावं वाचायच्या तसं. मग बोट एका जागी थांबलं.

"चार नाही, काकू."

"म्हणजे?"

"मी परत आले तेव्हा पलंग सपाट होता. मी दहा दिले. मनात मोजले."

"मी जेवणानंतर खाली केला असेल..."

"जड हँडल, दुखरं मनगट. चार फेरे वर आणि चार खाली?" त्यांचा आवाज चढला नाही. "तुम्ही हँडलला हात लावला नाहीत. भरवून झाल्यावर पलंग खाली केला की हँडलला बटाट्याचा हात लागतो, डाग राहतो, माहीत आहे ना मला. हँडल मी सकाळी पुसलं तसंच होतं."

मी आठवायला लागले. चार फेरे मला स्वच्छ दिसत होते. हाताला थंड लोखंड लागलेलं आठवत होतं. पण ते त्या दिवशीचं होतं की दुसऱ्या कुठल्या, हे सांगता येईना. डायरीत फेरे लिहिलेले नव्हते. डायरीत नव्हतं ते मी मागाहून मनाशी रचलं होतं, आणि तेही शून्याऐवजी चार फेरे धरून, म्हणजे चूक लहान दिसावी.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं," मी म्हटलं. "मग बोलला का नाहीत?"

"काका जिवंत होते तेव्हा बोलून तुमचा हात थरथरला असता, आणि मी नसताना तुम्हालाच भरवायचं होतं. मग काका गेले. मेलेल्या माणसाच्या बायकोला काय सांगायचं? मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, बास." पत्र त्यांनी माझ्या हातात दिलं. "तुम्ही गॅसचा सिलिंडर बदलला तेसुद्धा लिहिता, काकू. एवढंच कसं राहिलं?"

आतून सासूबाई म्हणाल्या, "मोठ्या घरची वही. तिच्यात गरिबाची चूक तेवढी सापडते."

"आई, तुम्ही थांबा," मावशी म्हणाल्या. पण "तसं नाही" असं म्हणाल्या नाहीत.

शाळेत आम्हाला चूक खोडायची एक रीत होती. रबर नाही, गिरगटणं नाही. एकच सरळ रेघ, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, शेजारी आपली आद्याक्षरं. चौदा मार्चच्या पानावर मी कितीदा पेन घेऊन बसले होते. तिथे खोडावा असा एकही शब्द नव्हता. मावशींच्या टेबलावर, सांगाड्याच्या चित्राखाली, तिन्ही पत्रांत मी "चारच दिले" यावर रेघ मारली, वर "एकही दिला नाही" असं लिहिलं आणि आद्याक्षरं घातली. घरी जाताना वाटेतच पत्रं टपालपेटीत टाकली.

मुलाने तीन आठवडे फोन केला नाही. मग केला तेव्हा हवापाण्याचं बोलला. संस्थेने तक्रार मागे घेतली आणि नवा दाखला दिला, खालच्या ओळीशिवाय. कॉलेजचं उत्तर जुलैत आलं, सभ्य भाषेत. त्यांना घडल्या प्रकाराचा खेद होता. यंदाच्या जागा भरल्या होत्या. अर्जदाराने पुढील वर्षी जरूर अर्ज करावा; मात्र जीवशास्त्राची मुदत तीस जूनला संपल्याने तो विषय प्रयोगशाळेसह पुन्हा उत्तीर्ण व्हावा, आणि सूक्ष्मजीवशास्त्राची मुदतही येत्या डिसेंबरात संपते, याची नोंद घ्यावी.

मी त्यांना फोन केला. म्हटलं, फी मी भरते, नावं पुन्हा मी म्हणून दाखवते. त्यांनी ऐकून घेतलं. "बघू, काकू," म्हणाल्या. "बघू" म्हणजे काय ते दोघींनाही कळत होतं. त्यानंतर फोन मीच करायची, मग मीही कमी केले.

गेल्या आठवड्यात माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्या गोष्टीला आता दोन वर्षं होऊन गेली. ऑपरेशननंतर मला वॉर्डात आणून निजवलं. डोळ्यावर पट्टी. एक सिस्टर आली, आवाजावरून विशी-बाविशीची, नुकतीच शिकून आलेली. चहा आणि बिस्किटं आली होती.

"मावशी, आजींचा बेड जरा वर घ्या."

पायथ्याशी पावलं आली. हँडल फिरू लागलं, आणि कोणीतरी मोठ्याने मोजू लागलं. एक. दोन. तीन. आवाज मी दुसऱ्या अंकालाच ओळखला. दहापर्यंत मीही मनात मोजले.

"मावशी, मोजता कशाला? वर आला की झालं," सिस्टर हसून म्हणाली.

"सवय आहे."

"ओळखता का आजींना?"

"हो. यांच्याकडे होते मी." मग माझ्याजवळ येऊन, "काकू, हनुवटी खाली. बिस्कीट कोरडं खाऊ नका, बुडवून खा."

मी विचारलं, जीवशास्त्राचं काय झालं. विचारायला नको होतं.

"पुस्तकं पोरीला दिली," त्या म्हणाल्या. "तिला काही नर्स व्हायचं नाहीये. चित्रं चांगली आहेत म्हणते."

पलीकडच्या खाटेवरच्या बाईने बेडपॅन मागितलं. त्या गेल्या. मी उजव्या डोळ्याने बघितलं : केस पुढून पांढरे झालेत, चाल तशीच भराभर. बेडपॅन देऊन परतताना तिसऱ्या खाटेपाशी त्या थांबल्या, झोपलेल्या म्हाताऱ्या बाईच्या ओठांकडे वाकून बघितलं आणि टेबलाकडे गेल्या. सिस्टरला काहीतरी सांगत होत्या. सिस्टर लिहीत होती, मान वर न करता. तेच लिहीत होती का दुसरं काही, ते मला इतक्या लांबून दिसलं नाही.

दुपारी मला घरी सोडलं. संध्याकाळी एका डोळ्याने डायरीत लिहिलं. ओळी तिरक्या गेल्या आहेत. पहिली ओळ दहा फेऱ्यांची आहे. शेवटची अशी : दूध सकाळपासून बाहेरच राहिलं होतं, नासलं. चहा कोरा घेतला.